तळं मिटलं तेव्हा

आमच्या घरातून तळं दिसत नसे, ऐकू येई. वस्ती आणि तळं यांच्यामध्ये मातीचा उंच बांध होता. बांधावर बाभळी आणि महादेवाचं लहानसं देऊळ, आणि अलीकडच्या उताराला आमची पंधरा-वीस घरं. पहाटे टिबुकल्या ओरडायच्या. टिबुकली म्हणजे मुठीएवढं पाणपाखरू, लांबलचक किर्र करून हसल्यासारखं ओरडतं आणि कुणी बघितलं की बुडी मारतं. त्यांचा आवाज सुरू झाला की माय चूल पेटवायची. उजाडलं की गंगाराममामांच्या काठीचा आवाज यायचा. ते भोई. तळ्याच्या माशांचा गुत्ता त्यांच्याकडं होता, म्हणजे ग्रामपंचायतीला ठरलेले पैसे भरायचे आणि मासे आपण धरायचे. सुक्या भोपळ्यांच्या सांगडीवर पालथं पडून ते एका हातानं पाणी वल्हवायचे आणि दुसऱ्या हातातल्या काठीनं पाण्यावर थापा मारत मासे जाळ्याकडं हाकायचे. थप्, थप्, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा थप्. मायच्या भाकरी त्याच तालावर थापल्या जातात असं मला लहानपणी खरंच वाटायचं.

मुखेड तालुक्यातलं हे गाव. नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. आम्ही बौद्ध. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, गवंडी होते. आजूबाजूच्या गावांतले कितीतरी ओटे आणि भिंती त्यांच्या हातच्या आहेत, पण त्यांचा जीव होता वस्तीतल्या विहारावर. एकच खोली, चुन्यानं पांढरी केलेली, आत नांदेडहून आणलेली बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि दारासमोर दोन माणसं निजतील एवढा सिमेंटचा हौद. तळ्याच्या एका घाटावर आमच्या बायांना पाणी भरता यावं म्हणून दादांनी आणि वस्तीतल्या चार जणांनी तीन वर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. घाट मिळाला होता, पण मिळालेला घाट कधीही परत जाऊ शकतो हे वस्तीतलं शेंबडं पोरसुद्धा जाणून होतं. पुढं जे घडलं ते समजून घ्यायला ही गोष्ट लागते. सबब म्हणून मी ती सांगत नाही.

गंगाराममामा आमच्यातले नव्हते, पण बांधाच्या कडेला त्यांचं घर आमच्या घराला पाठ लावून होतं. आठवड्यातून एकदा ते मायला वाटीभर झिंगे द्यायचे. माय ते कोरड्या तव्यावर कुरकुरीत होईपर्यंत भाजायची, लसूण आणि लाल मिरची घालून पाट्यावर रगडायची आणि ज्वारीच्या गरम भाकरीवर ती चटणी पसरून वर तेलाची धार सोडायची. मी आज लातूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो, सून हौसेनं सगळं करून घालते, पण तो वास पुन्हा कुठं आला नाही. तसले झिंगेही आता कुठं मिळत नाहीत.

वंदनेला फूल लागतं. बाकीचं वर्ष निभावतं, पण बुद्धपौर्णिमा वैशाखात येते, आणि वैशाखात आमच्या भागात फूल म्हणजे रुईचं नाहीतर कण्हेरीचं. कमळं फक्त तळ्यात होती, आणि तळ्यातली कमळं महादेवाची, असं गाव मानायचं. एका वर्षी मायनं मामांपाशी सहज विषय काढला. दुसऱ्या दिवशी मामांनी माशांच्या टोपलीत पानाखाली झाकून पाच कमळं आमच्या दारात आणून ठेवली. देवळाच्या गुरवानं ते बघितलं. सरपंच आबांनी मामांना बांधावर गाठलं.

“गंगाराम, गुत्ता माशाचा घेतलास का फुलाचा?”

“आबा, फुलंच ती. उद्या परत येतेल.”

“तुह्या बापाच्या घरी येतेल? पुढच्या बारीला गुत्ता दुसऱ्याला जाईल, ध्यानात ठेव.”

मामांनी ते हसण्यावारी नेलं. दादांनी नेलं नाही. “दुसऱ्याला बोलणं खायला लावून आणलेलं फूल मूर्तीपुढं ठेवायचं न्हाई,” ते म्हणाले आणि त्या वर्षी पौर्णिमा कण्हेरीवर झाली.

मी तेव्हा नांदेडला कॉलेजात सायन्स शिकत होतो. वसतिगृहापासून गोदावरी जवळ होती, आणि घाटाच्या एका कोपऱ्यात, जिथं पाणी वाहत नाही, तिथं मी ते झाड पहिल्यांदा पाहिलं. चकचकीत गोल पानं, फुगलेले देठ, दाबले तर आत स्पंजासारखे. पाण्याखाली काळी लांब मुळं, ओल्या केसांसारखी. आणि वर फुलाचा तुरा, निळसर जांभळा, प्रत्येक फुलाच्या वरच्या पाकळीवर मोराच्या पिसाला असतो तसा डोळा. आमचा झेंडा निळा. ते फूल बघून मला जे वाटलं ते आज लिहितानाही लाज वाटत नाही. मला वाटलं, हे आपलं फूल. हे कुणाला मागायला नको. दिवाळीच्या सुट्टीत मी चार रोपं वसतिगृहाच्या बादलीत घातली, बादली मांडीवर घेऊन एसटीत बसलो आणि विहारासमोरच्या हौदात ती सोडली.

वैशाखापर्यंत हौदात पाणी दिसेनासं झालं. चाराची किती झाली ते मोजलं नाही. पौर्णिमेच्या सकाळी सगळे तुरे एकदम उमलले. वस्तीतल्या बाया हौदाभोवती उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. दादांनी पहिला तुरा मूर्तीपुढं ठेवला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. खीर झाली, मायनं मामांच्या घरी गडूभर पाठवली. दुसऱ्या दिवशी सगळे तुरे माना मोडून पाण्यात तोंड घालून पडले होते. हौद रिकामा करून गिलावा करायचा होता, म्हणून मी रोपं उपसून ढीग घातला.

“उकिरड्यावर टाकू नको,” माय म्हणाली. “मूर्तीला वाहिलेलं झाड हाय. कुणाचा पाय लागंल.”

“मग कुठं टाकू?”

“पाण्यात सोड. पाण्यातलं हाय, पाण्यात जाऊ दे.”

दादा हसले. “दीक्षा घेऊन इतकी वर्सं झाली, हिचं निर्माल्य काही सुटंना.”

“तुमी गप ऱ्हावा. फूल हाय ते, तुमचा गिलावा न्हाई.”

मी दोन टोपल्या डोक्यावरून तळ्यावर नेल्या. दुपारची वेळ, बांधावर चिटपाखरू नव्हतं. तळं उन्हाळ्यानं आटून मधोमध गोळा झालं होतं. टोपल्या पाण्यात उपड्या केल्या. रोपं उलटीसुलटी पडली, मुळं वर, पानं खाली. मी वळणार तेवढ्यात त्यातलं एक आपोआप सरळ झालं. मग दुसरं. कुणी हात लावत नव्हतं, वारा नव्हता, आणि झोपलेली माणसं एकेक करून उठून बसावीत तशी ती सगळी माझ्यासमोर उठून बसली. माझ्या अंगावर काटा आला. का आला ते तेव्हा समजलं नाही. मी रिकाम्या टोपल्या घेऊन घरी आलो आणि जेवलो.

आषाढात तळं भरलं आणि गंगाराममामांनी माशांची पिल्लं आणून सोडली. दरवर्षी ते इस्लापूरकडून पिल्लं आणायचे. ॲल्युमिनियमचा मोठा डबा, तोंडाला ओलं फडकं. एसटीत तो दोन पायांत धरून सबंध रस्ताभर आत हात घालून पाणी हलवायचं, नाहीतर पिल्लं गुदमरतात. घरी आले की त्यांच्या उजव्या हाताची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली असायची. त्या दिवाळीत मी आलो तेव्हा तळ्याच्या एका अंगाला खळ्याएवढी हिरवी चकती होती, तुऱ्यांनी निळी झालेली. गावाला ती आवडली. गुरवानं ती फुलं महादेवाला वाहिली, आणि मला मनातल्या मनात गंमत वाटली. आपलं फूल देवळात गेलं म्हणून.

त्यानंतरच्या पावसाळ्यात काय झालं ते मी सुट्ट्यांमध्ये तुकड्यातुकड्यांनी पाहिलं. चकती पसरली आणि मग ती चालू लागली. हे शब्दशः खरं आहे. सकाळी वारा पूर्वेकडून असला की सगळं हिरवं रान पश्चिमेच्या काठाला जाऊन टेकलेलं असायचं आणि दुपारी वारा फिरला की ते तळं ओलांडून देवळाखाली आलेलं असायचं, वर उभ्या असलेल्या बगळ्यासकट. आवाज न करता. बाया घाटावर धुणं धूत असताना ते सरकत यायचं आणि बघताबघता घाट बंद करायचं. पाण्यात पाय सोडून बसलेली बाई पाय वर घेई. कुणी त्याला हसत नसे. आणि मग त्याच श्रावणात त्याला सरकायला जागाच उरली नाही. तळं डोळ्यासारखं मिटलं.

कवड्या खंड्या, पाण्यावर एका जागी पंख फडफडत उभा राहून सूर मारणारा, तो दोन दिवस त्या हिरव्यावर तसाच उभा राहत होता. खाली पाणीच दिसत नव्हतं. एकदा त्यानं सूर मारला. पानांवर आपटला आणि उडता न येता बराच वेळ तिथंच धडपडत राहिला. तिसऱ्या दिवशी तो नव्हता. टिबुकल्यांना बुडी मारायला आणि पळत उडायला मोकळं पाणी लागतं. त्या कधी गेल्या ते कुणालाच सांगता आलं नाही. माय म्हणाली, “अलीकडं मला उठायला उशीर होतो.” तिला वाटत होतं आपलं वय झालं.

सगळ्यात वाईट आवाज मात्र दुपारी यायचा. बांधावर एकटं उभं राहिलं की त्या हिरव्याच्या खालून बुप्, बुप् असं ऐकू येई. इकडं एक, तिकडं एक, मग लांब कुठंतरी. त्या जागेवरची पानं थोडीशी वर उचलली जायची आणि बसायची. सबंध रान श्वास घेतंय असं वाटायचं. मी पुढं तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि मला ते आता समजावून सांगता येतं. पानांनी ऊन अडवलं, खालच्या वनस्पती मेल्या आणि कुजल्या, पाण्यातला प्राणवायू संपला. खवल्यांचे लहान मासे आधी मेले. मरळ वरची हवा घेऊन जगू शकते, म्हणून मरळी शेवटपर्यंत तोंड वर काढायला जागा शोधत होत्या. पण तेव्हा बांधावर उभं राहून मी हे जाणत नव्हतो असंही नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात मी त्या झाडाचं चित्र शोधून काढलं होतं. ते दूरच्या खंडातून आलेलं, इथं त्याला खाणारं कुणी नाही, आणि एक तुकडा उरला तरी पुन्हा तळं भरतं, हे मी वाचलं होतं. पुस्तक मिटून मी ते जागेवर ठेवलं आणि कुणाला काही बोललो नाही. भाद्रपदात ते बुप्, बुप् बंद झालं.

मग आबांच्या म्हशीचं वगारू गेलं. दिवसाउजेडी, घाटावर सातआठ बाया असताना. दावं तोडून ते बांध उतरलं आणि समोर गवताचं रान बघून सरळ त्यात चालत गेलं. बाया सांगत, दहा पावलं ते खरोखर वर चाललं. मग पुढचे पाय गेले. ते ओरडलंही नाही. पानं बाजूला झाली आणि परत जागेवर येऊन बसली. तिथं काही घडलं होतं असं बघून कुणी म्हणालं नसतं. गंगाराममामा सांगड घेऊन गेले, पण सांगड मुळांत रुतली, दोरानं ओढून त्यांनाच बाहेर काढावं लागलं. अंगाला काळे केस चिकटल्यासारखी मुळं. आबांनी त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाले, “हे तुह्याच डब्यातून आलंय.” दुसऱ्या दिवशी देवळासमोर बैठक ठरली.

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर वस्तीतली माणसं जमली. निळं फूल कुठून आलं हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं; बाहेरच्या कुणी, मामांनीसुद्धा, विहाराचा हौद कधी बघितला नव्हता.

“उद्या कुणी तोंड उघडायचं न्हाई,” दादा म्हणाले. “आपल्या पोरानं तळं नासवलं आसं झालं तर घाट गेला म्हणून समजा. घाटच काय, गावात ऱ्हाऊ देणार न्हाईत.”

माय दारात उभी होती. “आन् गंगाराम?” ती म्हणाली. “त्याचं काय व्हईल?”

“त्याला लई तर लई दंड करतेल.”

“त्यानं आपल्यासाठी बोलणं खाल्लंय.”

“मला ठाव हाय,” दादा म्हणाले.

इथपर्यंतची गोष्ट मी माझ्या बायकोला सांगितली होती. मुलांना सांगितली होती. मी म्हणायचो, भीती होती, सगळी वस्ती गप्प बसली, मीही गप्प बसलो. ऐकणारे मान हलवायचे, त्या काळी दुसरं काय करणार म्हणायचे. पण मी गप्प बसलो नव्हतो. हे प्रकरण मी त्यासाठी लिहितो आहे.

बैठकीला गाव लोटलं होतं. आमची माणसं नेहमीप्रमाणं लिंबाखाली कडेला. मामा मधे उभे, डोक्याचं फडकं हातात. त्यांची लहान मुलगी रुक्मीण त्यांच्या धोतराला धरून होती. आबांनी विचारलं आणि मामांनी न अडखळता उत्तर दिलं.

“आबा, डब्यात निस्तं पाणी आन् पिल्लं हुती. इस्लापूरपासून माहा हात त्या पाण्यात हाय. येवढं झाड आसतं तर माह्या बोटाला लागलं नसतं का?”

हे बोलणं बिनतोड होतं. लोकांत कुजबुज झाली. मग गुरव म्हणाला, “झाड कशाला पाह्यजे? बी आसंल. बारीक.”

मामा थांबले. “बी?” ते म्हणाले. त्यांनी आपल्या हाताकडं बघितलं. मग गर्दीत शोधून त्यांनी मला हाक मारली. “हे बघा, ह्यो सायन्स शिकून राहिलाय नांदेडला. ह्याला इचारा. बाळा, तूच सांग. आसं न दिसणारं बी पिलांच्या पाण्यातून येतं का?”

“इचारा की,” कुणीतरी मागून म्हणालं. “म्हारवाड्यात बी आता सायंटिस्ट झालेत.” लोक हसले. मामा हसले नाहीत. ते माझ्याकडं बघत होते. ते मदत मागत होते असं मला तेव्हा वाटलं, पण आता वाटतं तसं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याइतका शिकलेला माणूस त्यांच्या ओळखीत दुसरा नव्हता.

मला नुसतं ‘मला माहीत नाही’ म्हणता आलं असतं. त्यानं घाटही गेला नसता आणि वस्तीलाही काही झालं नसतं. मी म्हणालो, “येऊ शकतं.”

“येऊ शकतं?” मामांनी विचारलं.

“हां. बी बारीक असतं. डोळ्याला दिसत नाही.”

मामांनी मान हलवली. हळूच, दोनदा, एखादी गोष्ट समजल्यावर हलवतात तशी. मग त्यांनी आबांना सांगितलं, “तसं आसंल तर मग माह्याच हातून झालं.” एवढ्यावर बैठक संपली. गुत्ता गेला, आणि तळं साफ करायचं त्यांच्यावर आलं.

तो हिवाळाभर ते एकटे तळ्यात होते. दोराला आकडा बांधून हिरवं काठावर ओढायचे. काठावर काळे ढीग कुजत पडले, त्यांचा वास आमच्या चुलीपर्यंत यायचा. जिथं ओढून पाणी मोकळं केलं तिथं काळंभोर पाणी दिसायचं, आभाळ न दिसणारं, आणि आठ दिवसांत ते पुन्हा झाकलं जायचं. मी सुट्टीत आलो की घरात बसून आकड्याचा आवाज ऐकायचो. एकदाही बांध चढून गेलो नाही. होळीच्या आधी एका सकाळी तो आवाज आला नाही. माय बाहेर जाऊन आली आणि म्हणाली, “गेले. घराला कडी बी लावली न्हाई.”

पुढं दुष्काळाच्या एका वर्षी तळं पार कोरडं पडलं, ते झाड मेलं, पावसात तळं भरलं आणि ते झाड परत आलं. कमळं आली नाहीत. मामांच्या जागी नवा गुत्तेदार आला, त्यानं परदेशी जातीचे मासे सोडले, ते कशातही जगतात. माय गेली, दादा गेले. मी नोकरीत फिरत राहिलो. आठवीच्या पुस्तकात एक धडा होता, बाहेरून आलेल्या वनस्पतींवर. त्यात त्या झाडाचं चित्र होतं. तीस वर्षं मी तो धडा शिकवला, आणि दरवर्षी कुणीतरी विचारायचं, सर, पण ते तळ्यात येतं कसं? मी सांगायचो, माणसांच्या निष्काळजीपणामुळं. पुढचा प्रश्न येण्याआधी पान उलटायचो.

गंगाराममामांच्या मुलीचा पत्ता लागायला मला निवृत्तीनंतर बरीच वर्षं गेली, त्यातली काही मी मुद्दाम घालवली. ती लोह्याच्या बाजारात मासे विकायला बसते, असं गावाकडच्या एकानं सांगितलं. मी गेल्या उन्हाळ्यात गेलो. दुपारी बाजार सैल पडला होता. साठी उलटलेली बाई, समोर बर्फावर मासे, हातात माश्या हाकलायला लिंबाचा डहाळा. मी गावाचं नाव सांगितलं, दादांचं नाव सांगितलं. तिनं मला ओळखलं.

“गवंड्याचे तुमी? कालेजात हुते ते? बसा की. हे डालगं घ्या खाली.”

मी बसलो आणि सगळं सांगितलं. बादलीपासून बैठकीपर्यंत. ती डहाळा फिरवत ऐकत होती. मधे एक गिऱ्हाईक आलं, तिनं मासे तोलून, खवलं काढून दिले आणि परत माझ्याकडं वळली. “हां, मग?” माझं संपलं तेव्हा तिनं माशांवरचा बर्फ सारखा केला.

“बाप मरूस्तोर डबे धुवत व्हता,” ती म्हणाली. “दुसऱ्याचे मासे घेऊन इकायचा, तरी बी. डबा तीनदा धुवायचा, उन्हात वाळवायचा, मग आत बोट फिरवून बघायचा. आमी हसायचो त्याला. पुन्यांदा कुठल्या तळ्यात पिलू सोडलं न्हाई त्यानं. लोक गुत्ता देऊन राहिले व्हते, ह्यो न्हाई म्हणायचा. माह्या हातानं एक तळं मेलं, म्हणायचा.” तिनं डहाळा खाली ठेवला. “मरायच्या आदल्या दिवशी बी मला म्हणला, रुक्मे, बी दिसलं न्हाई गं मला.”

मी म्हणालो, “ताई, मला—”

“माफी-बिफी ऱ्हाऊ द्या. ती त्याला मागायची व्हती. लिव्हून द्या.”

“काय?”

“हे आत्ता सांगितलं ते. नाव घालून. मला वाचता येत न्हाई, नातवाला येतं.”

माझ्या पिशवीत वही होती. मी पान फाडलं आणि मांडीवर ठेवून लिहिलं. चार ओळी झाल्या. मी तिला वाचून दाखवलं: गावच्या तळ्यात ती वनस्पती मी चुकून सोडली. गंगाराम यांच्या डब्यात ती नव्हती, हे मला माहीत होतं. त्यांनी मला पंचांसमोर विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं.

“ते चुकून काढा,” ती म्हणाली.

“पण सोडली ती खरंच—”

“सोडली आसंल. मग दीड वर्स झालं. पुस्तकात बघितलं म्हणताव. बापानं तोंडावर इचारलं. त्यातलं कायकाय चुकून झालं, गुरुजी?”

मी तो शब्द खोडला. सही केली, खाली पूर्ण नाव लिहिलं. तिनं कागद हातात घेतला नाही.

“आता उभं ऱ्हाऊन वाचा. मोठ्यानं.”

शेजारच्या दोघी मासेवाल्या आमच्याकडं बघत होत्या. पलीकडच्या भाजीवाल्यानं तराजू खाली ठेवला. मी गुडघ्यावर हात टेकून उठलो आणि वाचलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. वाचून झाल्यावर मी तिच्याकडं बघितलं.

“भाजीपातूर गेलं न्हाई,” ती म्हणाली. “पुन्हा.”